सांगलीहून विमानाने जायचंय? अंतर आणि वेळ असे मोजा

सांगली ते दिल्ली विमानाला किती वेळ लागतो, हे इंटरनेटवर विचारलं की उत्तर लगेच मिळतं: अंतर सुमारे १,३२५ किलोमीटर, उड्डाण दोन तासांच्या आसपास. आकडे तसे बरोबर आहेत. अडचण एवढीच की असं विमानच नाही. सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीची बातमी दर निवडणुकीला येते, प्रवासी विमान मात्र तिथून उडत नाही. आकडा देणारी यंत्रं दोन्ही गावांवर एकेक टाचणी टोचतात, रेघ ओढतात, तिला ठराविक वेगानं भागतात आणि मोकळी होतात. त्या आकड्यावर विसंबून कुणी लग्नाचा मुहूर्त किंवा मुलाखतीची वेळ गाठायला निघालं तर पंचाईत होते.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न रोजचा आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी मंडळी कोलकात्यापासून कोचीपर्यंत पसरलेली आहेत. पोरं दिल्लीला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आहेत, कुणाची मुलगी बंगळुरात नोकरीला. तिकीट काढणारा माणूस विचारतो, "दादा, किती तास?" आणि त्याला हवं असतं ते घरातून निघाल्यापासून तिकडच्या दारात पोचेपर्यंतचं उत्तर. ते कसं काढायचं, ते क्रमानं बघू. गणित आठवीच्या पलीकडचं नाही.

आधी दिशा, मग विमानतळ

बहुतेकांच्या डोक्यात विमान म्हटलं की पुणे येतं, फार तर मुंबई. सवयीचा भाग आहे. पण सांगलीच्या भोवती विमानतळ बरेच आहेत. सगळ्यात जवळचं कोल्हापूरचं उजळाईवाडी, सांगलीहून पन्नासेक किलोमीटर. बेळगावचं सांबरा दीडशे किलोमीटरच्या आत. पुण्याचं लोहगाव साधारण २३५. गोव्यात दाभोळी आणि जानेवारी २०२३ पासून मोपा असे दोन. मुंबई पावणेचारशेच्या पुढे, आणि आता तिथे नवी मुंबईचाही पर्याय आहे.

माझा नियम सरळ आहे: ज्या दिशेला जायचंय त्या दिशेचा विमानतळ आधी तपासा. दिल्ली, जयपूर, चंडीगड असेल तर उत्तरेकडचं पुणे ठीक. पण कोचीला जायचं असेल तर बघा काय होतं. सांगलीचा माणूस आधी २३५ किलोमीटर उत्तरेला पुण्याला जातो आणि तिथून दक्षिणेला उडतो. नकाशावर पुणे विमानतळ ते कोची विमानतळ अशी सरळ रेघ ओढा. ती सांगलीच्या किंचित पश्चिमेनं, पंधरा-वीस किलोमीटरवरून जाते. म्हणजे पाच तास खर्चून पुण्याला गेलेला माणूस तिकीट घेऊन जवळपास आपल्याच गावावरून परत येतो! कोची, कोइमतूर, चेन्नई, बंगळूर या बाजूंना कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा आधी बघायचे, पुणे नंतर.

शोधताना शहराच्या नावापेक्षा विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघण्याची सवय लावा. पुण्याचा पीएनक्यू, कोल्हापूरचा केएलएच, बेळगावचा आयएक्सजी. गोव्यात दाभोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, मुंबईचा जुना बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय. "गोवा" किंवा "मुंबई" एवढंच वाचून पैसे भरले की माणूस भलत्याच विमानतळावर उभा राहू शकतो. मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला आहे, दाभोळी दक्षिण गोव्यात.

सरळ अंतर काढा

विमानतळ ठरला की तिथपासून उतरायच्या विमानतळापर्यंतचं हवाई अंतर काढायचं. मोबाइलवर गुगल नकाशा उघडून पहिल्या विमानतळावर बोट दाबून धरा, खूण उमटेल. खालच्या माहितीत "अंतर मोजा" असा पर्याय मिळतो. मग नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळापर्यंत न्या. खाली किलोमीटर दिसतात. रस्त्याचं अंतर दाखवणाऱ्या निळ्या रेषेचा इथे संबंध नाही.

हातानं काढायचं असेल तर तेही जमतं, आणि शाळेतल्या पोरांना एकदा करायला लावावं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सगळीकडे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा आखडत जातो: सांगलीच्या पट्ट्यात तो सुमारे १०६ किलोमीटर, भोपाळच्या पट्ट्यात १०२, दिल्लीला ९८. दोन ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाचा आकडा धरायचा.

पुणे विमानतळ १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. दिल्ली विमानतळ २८.५६ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशातला फरक ९.९८, गुणिले १११ म्हणजे १,१०८ किलोमीटर. रेखांशातला फरक ३.१८, गुणिले १०२ म्हणजे ३२४. आता काटकोन त्रिकोण: दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ घ्या. उत्तर येतं सुमारे १,१५५ किलोमीटर. याच पद्धतीनं पुणे–कोलकाता सुमारे १,५८०, कोल्हापूर–मुंबई ३१०, कोल्हापूर–हैदराबाद ४४५ आणि कोल्हापूर–बंगळूर ५३० येतं.

भारतातल्या भारतात ही युक्ती पुरते. लंडन, न्यूयॉर्कसाठी नाही, कारण तिथे पृथ्वीचा गोलवा सपाट त्रिकोणात बसत नाही. लांबच्या प्रवासाला मोबाइलचं मोजमापच वापरा.

अंतरावरून उड्डाणाचा वेळ

इथे विमानाचा प्रकार महत्त्वाचा. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ ही जेट विमानं वर गेल्यावर ताशी ८३० ते ८५० किलोमीटरनं जातात. पंख्याचं एटीआर-७२ ताशी पाचशेच्या आसपास. छोट्या विमानतळांना एटीआर सोयीचं, कारण त्याला आखूड धावपट्टी पुरते. कोल्हापूरहून एम्ब्रेअरची छोटी जेटही उडतात. ती चालवणारी स्टार एअर ही जयसिंगपूरच्या घोडावत समूहाची, म्हणजे आपल्या शेजारचीच.

पण सगळ्या वाटेत विमान पूर्ण वेगानं नसतं. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरताना वेग कमी करणं, कधी आभाळात घिरट्या, खाली उतरल्यावर पुन्हा रांगणं. म्हणून अंदाजासाठी हे दोन ठोकताळे धरा. जेट असेल तर किलोमीटरला ८०० नं भागा आणि ३५ ते ४० मिनिटं मिळवा. एटीआर असेल तर ४८० नं भागा आणि २५ मिनिटं मिळवा.

पुणे–दिल्ली: १,१५५ भागिले ८०० म्हणजे सुमारे ८७ मिनिटं, अधिक ३५ ते ४०. दोन तास आणि वर दोन ते सात मिनिटं. वेळापत्रकात तुम्हाला यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त दिसतील, आणि त्यामागे कंपन्यांचा व्यवहारी विचार आहे. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर धरलं जातं. त्यामुळे वेळापत्रकातच थोडी सैल जागा ठेवतात. "आपलं विमान वीस मिनिटं लवकर उतरत आहे" अशी घोषणा झाली की टाळ्या वाजवायची गरज नाही, ती मिनिटं आधीच हिशेबात धरलेली होती.

पुणे–कोलकाता याच हिशेबानं दोन तास पस्तीस मिनिटांच्या आसपास येतं. परतीला मात्र तेवढंच लागेल असं नाही. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे सहज जातो. कोलकात्याला जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. म्हणून एकाच मार्गाचे जाण्याचे आणि येण्याचे वेळ वेगळे छापलेले असतात. ती छपाईची चूक नव्हे.

वेळ वाढण्याचं आणखी एक कारण जमिनीवरचं असतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या उड्डाणांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. सरळ रेघ तीच, प्रवास मात्र लांबला. परदेशी जाणार असाल तर जुन्या अनुभवावर जाऊ नका, तिकिटावरचा ताजा वेळ बघा.

तिकिटावरचे आकडे वाचताना

तिकिटावरची सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलण्याची वेळ, आणि पोचण्याची वेळ म्हणजे जागेवर येऊन थांबण्याची. दोन्ही वेळा स्थानिक घड्याळाच्या. देशात सगळीकडे एकच घड्याळ, त्यामुळे वजाबाकी केली की काम झालं. परदेशात फसगत होते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी १० ला सुटून दुबईत सव्वाअकराला किंवा साडेअकराला पोचतं असं तिकिटावर दिसलं तर प्रवास सव्वा-दीड तासाचा नाही, तो पावणेतीन-तीन तासांचा आहे. हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे, ते ८०० नं भागून बघा, पटेल. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार.

वेळेच्या शेजारी छोटासा "+१" असला तर पोचायची तारीख दुसऱ्या दिवसाची. रात्री बाराच्या आसपासच्या विमानांना तारखेचा घोळ हमखास होतो. १५ तारखेला रात्री साडेबाराचं विमान म्हणजे १४ च्या रात्री जेवून निघायचं, १५ च्या रात्री नाही.

"थेट" आणि "थांबा" यांतला फरकही बघा. काही विमानं मध्ये एका गावाला उतरतात, प्रवासी आतच बसून राहतात आणि विमान पुढे जातं. काहींत विमान बदलावं लागतं. दोन्ही ठिकाणी एकूण वेळ वर लिहिलेला असतो. नुसत्या उड्डाणाच्या तासांची बेरीज करू नका.

आता उलट्या बाजूनं घरापर्यंत या

खरं काम इथे आहे. विमानाच्या वेळेपासून मागे मागे यायचं. समजा पुण्याहून दुपारी २ वाजता दिल्लीचं विमान आहे.

देशांतर्गत उड्डाणाची सामान जमा करायची खिडकी साधारण ६० मिनिटं आधी बंद होते, म्हणजे १ वाजता. बसायचं दार २५ मिनिटं आधी. खिडकी बंद झाल्यावर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो. सामान असेल तर लोहगावला १२ वाजता पोचलेलं बरं. फक्त हातातली सात किलोची बॅग असेल, बोर्डिंग पास घरूनच काढला असेल आणि डिजियात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारं ॲप) चालू असेल तर अर्धा तास वाचतो. पण सांगलीचा माणूस तेवढ्यावर कुठे भागवतो, बेदाणा आणि भडंगाची पिशवी असतेच.

कात्रज ते लोहगाव हा टप्पा सगळ्यात बेभरवशाचा. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर, वेळ पाऊण तास ते दोन तास, वाहतुकीवर अवलंबून. सव्वा तास धरा आणि सकाळी नऊ ते अकरा किंवा संध्याकाळी कात्रज गाठत असाल तर आणखी अर्धा तास. म्हणजे सव्वादहाला कात्रज. सांगली–आष्टा–पेठ नाका, तिथून महामार्गानं कराड, सातारा, खंबाटकी, खेड शिवापूर. स्वतःच्या गाडीनं साडेतीन ते चार तास, चहा-नाश्त्याचा अर्धा तास वेगळा. पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा मिळतो, परतीला घाट चढावा लागला तर तिथे अवजड गाड्यांची रांग लागली की वेळ जातो. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूरच्या टोलनाक्यांवर सुट्ट्यांच्या दिवशी गर्दी असते, शुक्रवार-रविवार जास्त.

हिशेब झाला: सकाळी सहाला सांगली सोडायची. सव्वाचारला दिल्लीत विमान थांबेल, सामान घेऊन शहरात ठिकाणावर जायला आणखी दीड तास, म्हणजे पावणेसहा. जवळपास बारा तासांचा प्रवास. त्यातलं प्रत्यक्ष हवेत असणं दोन तासांच्या आत. गोवा एक्स्प्रेसनं रात्री बसलं की परवा सकाळी निजामुद्दीनला उतरतो, तेव्हा विमानाचा फायदा आहेच, पण तो "दोन तास विरुद्ध बत्तीस तास" असा नाही.

एसटीनं किंवा खासगी बसनं जाणाऱ्यांना स्वारगेटहून रिक्षा-टॅक्सीशिवाय एक चांगला मार्ग आहे. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटला मेट्रो सुरू झाली आहे. तिथून जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत जायचं, तिथे मार्ग बदलून रामवाडी. रामवाडीहून विमानतळ चार-पाच किलोमीटर, रिक्षा मिळते. दुपारच्या कोंडीत हा वेळ सांगता येण्यासारखा असतो, हेच त्याचं मोल. मेट्रो सकाळी सहाच्या आधी नसते, त्यामुळे पहाटेच्या विमानाला तिचा उपयोग नाही.

सकाळी आठ-नऊच्या विमानासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेस बघा. ती रात्री दहाच्या सुमारास सांगलीहून निघते आणि पहाटे पुण्यात सोडते. गाडीत झोप होते, रस्त्याची चिंता राहत नाही. गाडी उशिरा धावली तरी दोन-अडीच तास हाताशी राहतात. कोल्हापूर–पुणे वंदे भारत सांगलीला थांबते खरी, पण ती रोज नाही, दिवस बघूनच तिच्यावर बेत आखा.

पुण्याचं थेट की कोल्हापूरचं बदलून?

लोक थेट विमानालाच वेगवान समजतात. सांगलीसाठी ते दर वेळी खरं नसतं. उदाहरण म्हणून कोल्हापूर–हैदराबाद–दिल्ली घ्या. हवाई अंतर ४४५ अधिक सुमारे १,२६५, म्हणजे १,७१० किलोमीटर. पुण्याहून थेट जाण्यापेक्षा साडेपाचशेनं जास्त. वेळ बघू: सांगली ते उजळाईवाडी सव्वा तास, तिथे दीड तास आधी, पहिलं उड्डाण एक तास वीस मिनिटं, हैदराबादेत दोन तास थांबा, दुसरं दोन तास वीस मिनिटं. एकूण साडेआठ तासांच्या आत. पुण्यामार्गे दिल्लीत उतरेपर्यंत वरच्या हिशेबानं सव्वादहा तास गेले होते. म्हणजे मधला थांबा पावणेचार तासांपेक्षा कमी असेल तर जवळचा विमानतळ जिंकतो, त्याहून जास्त असेल तर पुणे. शिवाय महामार्गावर चार तास गाडी चालवायचा शीण वाचतो आणि पुण्यापर्यंतचं डिझेल-टोल किंवा टॅक्सीचं भाडं वाचतं. तिकीट हजार-दोन हजारांनी महाग दिसलं तरी ही रक्कम वजा करूनच तुलना करा.

एक अट मात्र पक्की. दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर हवीत. स्वस्त पडतंय म्हणून दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही आणि पैसेही परत देत नाही. दिल्ली, मुंबईत टर्मिनल कुठलं तेही बघा. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला बऱ्याचदा बाहेर पडून गाडी करावी लागते.

कोल्हापूर-बेळगावची वेळापत्रकं वर्षातून दोनदा पालटतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. काही सेवा आठवड्यातले ठरावीक दिवसच असतात. गेल्या वर्षी होतं म्हणून यंदाही असेल असं धरू नका.

पाऊस, धुकं आणि उशीर

जुलै-ऑगस्टमध्ये विमानाच्या आधी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघायची. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०१९, २०२१ दोन्ही पुरांत कोल्हापूरकडे जाणारे रस्ते बंद पडले. पातळी चढती असेल तर कोल्हापूरचा नाद सोडून पुण्याचं तिकीट घ्या, आणि आष्ट्याच्या बाजूला पाणी आलं तर तासगाव–विट्यावरून कराड गाठा. त्यासाठी तासभर जास्त हाताशी ठेवा, किंवा आदल्या दिवशीच निघा.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला पहाटे धुकं असतं. तेव्हा दिल्लीचं पहाटेचं किंवा सकाळचं उड्डाण टाळून दुपारचं घ्यावं. पुण्याहून सकाळी सुटणारं विमान कधी कधी आदल्या फेरीला दिल्लीहूनच यायचं असतं, त्यामुळे इकडे लख्ख ऊन असूनही उशीर होतो.

उशीर झाला तर नियमही उड्डाणाच्या वेळेवरच ठरतात. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला तर प्रवाशांना खाणं-पिणं द्यावं लागतं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तास. म्हणजे दिल्लीवाल्याला दोन तासांनी मिळेल ते, वेळापत्रकात अडीचच्या पुढे छापलेल्या कोलकातावाल्याला तीन तासांनी. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक मागता येतं. त्यासाठी तिकिटावरचा आणि प्रत्यक्षातला वेळ दाखवणारे मोबाइलवरचे संदेश जपून ठेवा.

परतीचं आधी ठरवा

रात्री अकराला पुण्यात उतरलात तर सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत मेट्रो बंद झालेली असते. महालक्ष्मी एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर पुणे स्टेशनवरून सुटते आणि पहाटे सांगली-मिरजेला येते. आरक्षण आधी करून ठेवलं तर हा सगळ्यात निवांत मार्ग. सांगलीच्या खासगी बस स्वारगेट, कात्रज, नवले पूल इथून प्रवासी घेतात, पण बस कुठल्या थांब्यावर किती वाजता येणार हे चालकाला फोन करून विमानात बसण्याआधीच विचारून घ्या. बस आणि विमान यांत किमान अडीच तासांचं अंतर ठेवा. स्वतःची गाडी विमानतळावर लावून गेला असाल आणि मध्यरात्र उलटली असेल, तर पुण्यात कुणाकडे तरी झोपून पहाटे पाचला निघा. नऊपर्यंत सांगलीत पोचता.